ट्रकच्या पोटाखालचा गंज

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका शिक्षक शिबिरात आम्ही ‘धातूंचे क्षरण’ या विषयावर बोललो. नेहमीचेच बोललो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे, उकळलेले पाणी, वर तेलाचा थर. व्याख्यान संपले, चहा झाला, तरी एक शिक्षक मागे थांबून होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. वीतभर लांबीचा, एका टोकाला तुटलेला आणि दुसऱ्या टोकाला गॅसने कापलेला पोलादी पट्टीचा तुकडा होता तो.

त्यांचा धाकटा भाऊ ट्रक चालवत असे. बंदरावरून घाटावर मासळी नेणारा ट्रक. एका पहाटे घाट चढताना मागच्या कमानीजवळ चॅसिस तुटली, ट्रक एका अंगाला बसला आणि कठड्याला घासत कसाबसा उभा राहिला. भावाचा पाय प्लास्टरमध्ये होता. मालकाचे म्हणणे असे, की याने भरधाव गाडी खड्ड्यात घातली म्हणून चॅसिस तुटली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च याच्याच पगारातून कापायचा. शिक्षक आम्हाला म्हणाले, “सर, खड्ड्यामुळे तुटली की आधीच तुटलेली होती, एवढंच सांगा.”

आमच्यापैकी कोणीही तोवर ट्रकचा असा विचार केलेला नव्हता. आम्ही धातूंचे छोटे, घासूनपुसून गुळगुळीत केलेले नमुने तपासणारे लोक. पण प्रश्न सरळ होता आणि त्या तुकड्यात त्याचे उत्तर होते. ते वाचायचे कसे हे समजून घ्यायला आधी ट्रकच्या खाली शिरावे लागेल.

शिडीसारखा सांगाडा

केबिन, इंजिन, हौदा, कमानी, टाक्या हे सगळे ज्याला बांधलेले असते तो सांगाडा म्हणजे चॅसिस. गॅरेजात तिला ‘चेसी’ म्हणतात. दिसायला ती जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी असते. पुढपासून मागपर्यंत जाणारे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे काही आडवे तुकडे, म्हणजे ‘क्रॉस मेंबर’. लांब दांड्याचा छेद घेतला तर तो इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा दिसतो. मध्ये एक उभी भिंत आणि तिच्या वर व खाली, कानाच्या पाळीसारख्या आत वळवलेल्या दोन पट्ट्या. या पट्ट्यांना फ्लँज म्हणतात. शाळेच्या सहलीला आपण जी बस ठरवतो तिच्या रंगीत पत्र्याखालीही बहुधा हीच शिडी असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एक मोठे खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनने सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा आणि त्याला मधून खाली वाकवा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला त्या फाकतात, मध्ये मात्र अंतर फारसे बदलत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान माल लादलेल्या चॅसिसचे असेच होते. खालची फ्लँज ताणली जाते, वरची दाबली जाते, आणि मधल्या भिंतीच्या कमरेजवळ त्या मानाने स्वस्थता असते. म्हणून चॅसिसला भोक पाडायचेच असेल तर ते भिंतीत पाडावे, फ्लँजमध्ये पाडू नये, असे ट्रक बनवणारे बजावून सांगतात. अमेरिकेत तर व्यावसायिक वाहनांच्या केंद्रीय नियमांतच लिहिले आहे, की निर्मात्याने सांगितल्याखेरीज वरच्या वा खालच्या फ्लँजला भोक पाडायचे नाही आणि त्याच्या शिफारशीबाहेर चॅसिसवर काही वेल्डही करायचे नाही. आमच्यासमोरच्या तुकड्यात, तुटलेल्या कडेवर, अर्धे भोक होते. पण त्याकडे नंतर येऊ.

दुसरा प्रयोग टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याचा. दोन्ही टोके बंद असलेला खोका दोन हातांनी पिळून पाहा. तो सहज पिळत नाही. आता त्याची एक लांब कड ब्लेडने कापा आणि पुन्हा पिळा. अगदी लुळा पडतो. बंद नळीपेक्षा उघडा छेद पिळायला कितीतरी सोपा. मग ट्रकवाल्यांनी उघडा ‘सी’ का निवडला? कारण ट्रकला पिळता येणे आवश्यक असते. एक चाक खड्ड्यात आणि बाकीची वर, अशा वेळी ताठ सांगाड्याचे सांधे उखडले असते. शिवाय उघड्या छेदाला आतून रंग देता येतो, तो घासता येतो, डोळ्यांनी पाहता येतो. त्याच कारणासाठी सांधेही बहुतेक रिव्हेटचे किंवा बोल्टचे असतात.

मात्र रिव्हेटचा सांधा म्हणजे पट्टीवर पट्टी. पट्टीवर पट्टी आली की मध्ये कागदाच्या जाडीची फट आली. सगळा घोटाळा त्या फटीतच आहे.

एक थेंब, दोन रंग

लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाण्याशी संयोग होऊन गंज तयार होतो, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण त्यातून एक चुकीचे चित्र मुलांच्या मनात राहते, की जिथे हवा भरपूर तिथे गंज जास्त. केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका साध्या प्रयोगाने याच्या उलट दाखवून दिले. तो शाळेत करण्याजोगा आहे.

शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात पोटॅशियम फेरीसायनाइडची चिमूट आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. (हे फेरीसायनाइड तापवू नका आणि तीव्र आम्लात मिसळू नका, एवढे पथ्य पाळायचे.) लोखंडाचा पत्रा पॉलिश पेपरने लखलखीत घासून त्यावर या द्रावणाचा मोठा थेंब ठेवा आणि शांतपणे पाहत बसा. सुरुवातीला निळे आणि गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. थोड्या वेळाने ते आपापली जागा घेतात. थेंबाच्या मध्यभागी निळा रंग, कडेने गुलाबी कडे, आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे वर्तुळ.

निळा रंग विरघळणाऱ्या लोखंडाची खूण आहे, गुलाबी रंग अल्कलीची. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला ऑक्सिजन लगेच पोहोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे ऑक्सिजनची टंचाई. टंचाईच्या जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून आयनरूपाने पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूमधून कडेपर्यंत जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांचा स्वीकार करून हायड्रॉक्साइड तयार करतात. दोघांची मध्येच गाठ पडते आणि तिथे गंज साचतो. म्हणजे लोखंड झिजते एका जागी, ऑक्सिजन खर्च होतो दुसऱ्या जागी, आणि गंज दिसतो तिसऱ्याच जागी! हा एक चिमुकला विद्युतघटच झाला. (झिजणाऱ्या जागेला ॲनोड म्हणतात. पाठ्यपुस्तकात ॲनोडसाठी ‘धनाग्र’ हा शब्द असतो, पण घटात ॲनोड हे ऋण टोक असते, आणि मुले हमखास गोंधळतात. आम्ही वर्गात सरळ ‘झिजणारी जागा’ म्हणतो.)

हा थेंब ट्रकखाली नेऊन पाहा. चिखलाचा गोळा चिकटून बसलेली जागा, कमानीचा ब्रॅकेट आणि दांडा यांच्यामधली फट, ताकदीसाठी दुहेरी केलेल्या पट्ट्यांच्या मधली पोकळी, या सगळ्या थेंबाच्या मध्यभागासारख्या आहेत. बाहेरचा मोकळा पृष्ठभाग ही थेंबाची कड. बाहेरून तपकिरी दिसणारा भाग अनेकदा धडधाकट असतो आणि खरी झीज न दिसणाऱ्या जागी चाललेली असते.

मीठ काय करते?

मिठाची करणी तिहेरी आहे. पाण्यातून वीज सहज वाहू देऊन ते घटाचा प्रवाह वाढवते. क्लोराइड आयन धातूवरचा संरक्षक थर फोडतात. तिसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की पाणी ओढू लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर साधारण ३३ टक्क्यांनाच पाणी धरते. किनाऱ्यालगत ७५ टक्के आर्द्रता जवळजवळ रोज रात्री असते. याचा अर्थ, मीठ लागलेली चॅसिस पाऊस नसतानाही रात्रभर ओली असते. उन्हाळ्यात ट्रक कोरडा ठणठणीत दिसतो म्हणून निश्चिंत राहणाऱ्याची इथे फसगत होते.

पाऊस तर मीठ धुऊन नेतो, असे कोणी म्हणेल. उघड्या पृष्ठभागावरचे नेतोही. म्हणून समुद्रकिनारी पावसात भिजणाऱ्या पत्र्यापेक्षा आडोशाचा पत्रा जास्त गंजलेला आढळतो. आणि ट्रकचे पोट म्हणजे तर कायमचा आडोसा. चाकांनी उडवलेले पाणी तिथे पोहोचते, आभाळातले स्वच्छ पाणी पोहोचत नाही.

कोकणात मिठाला ट्रकखाली जायला वाटा पुष्कळ आहेत. मासळीच्या ट्रकातून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी सारा रस्ताभर ठिबकत जाते. त्यावरून घसरणारे दुचाकीस्वार हा वेगळाच विषय. खाडीतून काढलेली ओली रेती, मिठागरांतली पोती, आणि देशावर गेलात तर पोटॅशसारखी क्लोराइडयुक्त खते, ही सगळी फळक्यांच्या फटींतून खाली उतरतात. थंड देशांत ही वाट उलटी आहे, तिथे मीठ रस्त्यावरून वर येते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकण्याची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली. आज तिथे वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडते, आणि अलीकडे त्यात मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणाची भर पडली आहे. बर्फावर ते जास्त गुणकारी, आणि वर सांगितलेल्या कारणाने गाड्यांना जास्त बाधक.

झीज किती होते याचा अंदाज हवा. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हवामानाचे वर्ग पाडलेले आहेत. साध्या पोलादाची पहिल्या वर्षातली झीज सौम्य हवेत २५ मायक्रॉनच्या आत असते, तीव्र सागरी हवेत ८० ते २०० मायक्रॉन, आणि अगदी टोकाच्या परिस्थितीत त्याहूनही पुष्कळ जास्त. पुढे वेग सहसा थोडा मंदावतो, पण मीठ सतत येत राहिले तर फारसा नाही. सोयीसाठी वर्षाला १०० मायक्रॉन धरले तर दहा वर्षांत एका बाजूने एक मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी दोन. सात मिलिमीटरची पट्टी पाच मिलिमीटरवर आली.

फटीतला गंज फुगतो

फटीत आणखी एक गंमत होते. (गंमत हा आमचा शब्द, ट्रकमालक दुसरा वापरेल.) आत विरघळलेले लोखंडाचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात. त्या धनभाराची बरोबरी करायला बाहेरचे क्लोराइड आयन आत ओढले जातात. म्हणजे फटीतले पाणी दिवसेंदिवस अधिक आम्लधर्मी आणि अधिक खारट होत जाते. आणि यात मीठ खर्च होत नाही. लोखंडाला विरघळवून, गंजाच्या स्वाधीन करून क्लोराइड पुन्हा मोकळे होते, पुढच्या अणूसाठी. बाहेरून पाण्याचा फवारा मारून चॅसिस धुतली तरी आतला हा साठा तसाच राहतो.

गंज लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट जागा व्यापतो. पाणी धरलेला, सच्छिद्र गंज त्याहूनही जास्त. त्यामुळे फटीत साचलेला गंज पाचरीसारखा काम करतो. दोन रिव्हेटांच्या मध्ये जाड पट्टी फुगवटा घेते, आणि कधी कधी रिव्हेटाचे डोके उडते. ब्रेकमध्येही हाच प्रकार होतो. ब्रेकच्या शूवर लायनर रिव्हेटने बसवलेला असतो. त्याच्याखाली गंज साचला की रिव्हेटाजवळ लायनर धरून राहतो, मधे उचलला जातो आणि तडकतो. चॅसिस तुटायच्या आधी ब्रेकने दगा दिलेला ट्रक म्हणूनच विरळा नाही. एअर ब्रेकच्या टाकीत साचणारे पाणी रोज कॉक उघडून काढून टाकायचे असते, हे जुन्या ड्रायव्हरांना पक्के ठाऊक असते. ते न काढले तर टाकी आतून गंजते.

तिपटीच्या हिशेबाला एक उलटी बाजू आहे आणि ती न्यायाने सांगायला हवी. चॅसिसवरून तीन मिलिमीटरचा पापुद्रा निघाला म्हणजे तीन मिलिमीटर लोखंड गेले असे नव्हे. फार तर एक मिलिमीटर गेले. गंज पाहून घाबरण्यापेक्षा तो खरवडून उरलेली जाडी मोजावी.

फटीपेक्षा वाईट असते ती बंद पेटी. छोट्या मालवाहू गाड्यांत पुष्कळदा चारही बाजूंनी बंद दांडे असतात. आत शिरलेला चिखल बाहेर येत नाही आणि आतला गंज कोणाला दिसत नाही. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या पिकअप ट्रकांच्या चॅसिस मीठ टाकणाऱ्या राज्यांत गंजून भोके पडू लागल्या, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतल्या टॅकोमा गाड्यांसाठी वॉरंटी वाढवली आणि फार खराब झालेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. पुढच्याच वर्षी टंड्रा या मोठ्या पिकअपच्या सुमारे १,१०,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मागचा क्रॉस मेंबर गंजून स्टेपनी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडण्याचा धोका होता. मागून येणाऱ्याचा विचार करा! २०१६ मध्ये नंतरच्या गाड्यांबाबतचा खटला तडजोडीने मिटला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सुमारे पंधरा लाख गाड्यांची तपासणी आणि गरज असेल तिथे नवी चॅसिस देण्याचे कबूल केले. त्याची अंदाजे किंमत ३४० कोटी डॉलर सांगितली गेली.

दमलेले लोखंड

सात मिलिमीटरची पट्टी पाचवर आली तर ताकद सुमारे २८ टक्के कमी झाली. ट्रकच्या रचनेत याहून जास्त राखीव ताकद ठेवलेली असते. मग तो मोडतो कसा?

तार हाताने तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत ऑगस्ट व्होलर रेल्वेच्या तुटणाऱ्या आसांचा अभ्यास करत होते. त्यांना आढळले, की एका वेळी सहज पेलता येणारा ताण लाखो वेळा आला तर धातू तडकतो. यालाच धातूची शिणवट म्हणतात. त्यांनीच हेही दाखवले, की पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर तो कितीही वेळा आला तरी पोलाद टिकते. अभियंत्यांनी या मर्यादेवर विसंबून शंभर वर्षे यंत्रे उभारली.

भरलेला ट्रक रस्त्यावर सेकंदाला दोन-तीनदा हेलकावतो. दोनच धरा. दहा तासांत बहात्तर हजार, दोन आठवड्यांत दहा लाख. यातले बहुतेक हेलकावे किरकोळ असतात, पण सगळे नव्हेत. सांध्याजवळ तडा जायला लागणारी आवर्तने ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतात. पट्टी पाच मिलिमीटरची झाल्याने ताण १.४ पट झाला, १.४ चा घन म्हणजे सुमारे २.७. आयुष्य जवळजवळ एक तृतीयांशावर आले. त्यातच जादा माल भरून ताण आणखी वीस टक्के वाढवला तर १.६८ पट, त्याचा घन पावणेपाच. दहा वर्षे चालणारा सांधा दोन वर्षांचा सोबती होतो. नववीतल्या मुलांना घातांक शिकवताना हे गणित जरूर घालावे.

इतकेही समान झिजेचे गणित झाले. प्रत्यक्षात गंज खड्डे पाडतो, आणि छोट्याशा अर्धगोल खड्ड्याच्या तळाशी ताण आसपासच्या दुपटीहून अधिक असतो. आणि खाऱ्या पाण्याच्या संगतीत व्होलर यांची ती सुरक्षित मर्यादाच नाहीशी होते. कितीही लहान ताण असो, पुरेशा वेळा आला की तडा पुढे सरकतो. गंज आणि शिणवट एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. नुसत्या एकट्याने जे काम वीस वर्षांत झाले नसते ते दोघे मिळून फार लवकर करतात.

तुकड्याची साक्ष

आता टेबलावरच्या त्या तुकड्याकडे. आम्ही तो प्रयोगशाळेत नेला, पण खरे तर भिंगाने जे दिसले त्याहून फारसे नवे पुढे सूक्ष्मदर्शकाने सांगितले नाही. तुटलेल्या कडेवर अर्धे भोक होते. ते कारखान्यातले नव्हते. त्याची कड ओबडधोबड होती आणि आत रंगाचा मागमूस नव्हता. नंतर कळले की खारे पाणी जमा करायची टाकी टांगण्यासाठी ते खालच्या फ्लँजमध्ये पाडले होते. म्हणजे सर्वांत जास्त ताणाच्या जागी, आणि वर खारे पाणी ठिबकण्याची कायमची सोय.

भोकाच्या एका कडेपासून सुरू होऊन तुटलेल्या पृष्ठभागावर पाण्यातल्या तरंगांसारख्या, शिंपल्यावर असतात तशा, वळ्या पसरलेल्या होत्या. तडा थांबत थांबत, थोडा थोडा पुढे सरकला की अशा वळ्या उमटतात. भोकाजवळचा भाग काळपट, त्यापुढचा तपकिरी, त्यापुढचा नारिंगी. शेवटी फ्लँजच्या टोकाशी, छेदाच्या पाव भागाहूनही कमी, खडबडीत पट्टा होता. त्यावर केवळ ताज्या गंजाची पातळ छटा होती. त्या पहाटे तुटला तो एवढाच भाग. बाकीचा त्याआधीच, कित्येक आठवडे, कदाचित महिने, तुटलेला होता आणि त्या उघड्या तड्यात खारे पाणी ये-जा करत होते.

खड्डा होता का? असेलही. तो नसता तर पुढच्या वळणावर तुटली असती. तसे आम्ही दोन पानांत, साध्या मराठीत, छायाचित्रे जोडून त्या शिक्षकांना लिहून दिले.

न दिसणाऱ्या जागी पोलाद असेच वागते, मग ते ट्रकचे असो वा पुलाचे. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल १९७० मध्ये बांधला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा आतल्या आत गंजल्या होत्या.

मिस्त्रींचा हातोडा

त्या निमित्ताने आम्ही महामार्गावरच्या दोन-तीन गॅरेजांत जाऊन बसलो. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आम्हाला तपासणीची पद्धत दाखवली. हातात पावशेरी हातोडा. दांड्यावर ठोकत पुढे जायचे. धड पोलाद ठणठणते, फुगलेल्या सांध्यावर आवाज बसका येतो. “रंग बघू नका, साहेब. ताजा रंग दिसला की आधी तिथंच ठोका,” ते म्हणाले. रंगाला पडलेली आडवी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग, ही त्यांच्या मते सर्वांत वाईट खूण. यात आम्हाला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

दुरुस्तीबद्दल मात्र आमचे मतभेद झाले. तुटलेल्या जागी वरून पट्टी वेल्ड करणे ही सगळीकडची रीत. पण गंजावर पट्टी मारली की नवी फट तयार होते, आणि वेल्डच्या कडेला नव्या तड्याला आयती जागा मिळते. पट्टीची टोके काटकोनात उभी कापली तर कडक भाग आणि लवचीक भाग यांची सीमा एकाच रेषेत येते आणि पुढची मोड नेमकी तिथे होते. टोके तिरकी, निमुळती कापावीत, फ्लँजवर आडवे वेल्ड घेऊ नये, हे मिस्त्रींना पटले. दांडा बदलणेच बरे, हे त्यांना आधीच पटलेले होते. ते मालकाला पटत नाही, असे ते म्हणाले.

पावसाळ्याआधी चॅसिसला जळके ऑइल मारण्याची पद्धतही तिथे आहे. आम्ही तिला हसत नाही. तेलाचा थर पाणी दूर ठेवतो, हे खरेच. पण मिठावर आणि चिखलावर ते मारले तर मीठ आतच कोंडले जाते, ब्रेकच्या रबरी नळ्यांना ते बाधते, आणि उरलेले ठिबकून शेवटी कोणाच्या तरी विहिरीत जाते. गोड्या पाण्याने, फटींत जोराचा झोत मारून धुणे, दोन दिवस उन्हात वाळवणे आणि मग मेण किंवा तेलाचा थर, असा क्रम हवा. खेपेनंतर लगेच धुतले तर निम्मे काम होते. पाण्याचा निचरा नळीने चॅसिसच्या बाहेर, चाकांच्याही पलीकडे, बंद डब्यात नेला तर आणखी बरे. फक्त तो डबा फ्लँजला भोक पाडून टांगायचा नाही.

आपल्याकडे मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०१८ च्या अखेरीपासूनचा हा नियम आहे. चॅसिस क्रमांक दांड्यावरच कोरलेला असतो आणि कागदावर पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात. त्यासाठी तेवढी जागा घासून स्वच्छ केली जाते. आम्ही पाहिलेल्या जुन्या गाड्यांत चॅसिसची सर्वांत लखलखीत जागा हीच होती.

ते शिक्षक पुढच्या वर्षीच्या शिबिरात पुन्हा भेटले. मालकाने आमची दोन पाने वाचली, पगार कापायचा बेत सोडला, पण भावाला कामावरूनही काढले. भाऊ आता दुसऱ्या मालकाचा ट्रक चालवतो, सिमेंटचा. सीटखाली हातोडा ठेवतो, असे सांगताना शिक्षक हसले. तुकडा आम्ही त्यांना परत केला होता. तो त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात आहे, आणि आठवीची मुले भिंगाखाली त्यावरच्या वळ्या मोजतात. गेल्या खेपेला एका मुलीने अठरा मोजल्या आणि तिच्या मित्राने एकवीस.